निवल्यावरचं माप

जेवण उरकून मी वर्कशॉपमधल्या बाजेवर पाठ टेकते. झोपायचं काही मनात नाही. समोर बाकावर लाँचच्या इंजिनाचा ब्लॉक तयार आहे. सिलिंडर आतून घासून नुकतेच पूर्ण झालेत आणि गेजवर माप बरोब्बर आलंय. आमचे हे वारल्यापासून मी एकटीने केलेलं हे पहिलं काम, तेही सख्ख्या भावाचं. सर्जेराव कोयनेच्या पाण्यातून माणसं पलीकडच्या गावांना नेतो. आता पिस्टन बसवायची वाट बघत बाहेर कट्ट्यावर बसलाय. डोक्यावरचा पंखा घरघरतो, मग घरघरत नाही.

"सरक जरा," हे म्हणतात.

बाजेच्या कडेला बसलेत. अंगात तोच तेलकट खाकी शर्ट. मेलेल्या माणसाने इतक्या दिवसांनी येऊन पहिलं काय बोलावं, तर सरक! मी सरकते.

"जेवलात?"

"तुझ्या हातचं कुठं मिळतंय तिकडं."

मला हसू येतं आणि रडूही येतं. बाज आता स्वयंपाकघरात आहे, चुलीवर तव्याच्या जागी ब्लॉक ठेवलाय. त्यात मला काही वावगं वाटत नाही. हे वाकून गेजकडे बघतात.

"माप कवा घेतलंस?"

"आत्ताच. घासून झाल्या झाल्या."

"निवला हुता?"

मी ब्लॉककडे बघते.

"अगं, तव्यावरली भाकरी टम्म फुगती. टोपलीत पडल्याव बघ की तिच्याकडं."

मला हे ठाऊक आहे. घासताना लोखंड तापतं, सिलिंडर मोठा दिसतो, निवला की आवळतो. म्हणून तर हे ब्लॉक रात्रभर तसाच ठेवायचे आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या खायचे.

"जिवंतपणी इतक्या गोडीनं कधी सांगितलं नाहीत. नुसते खेकसायचात."

"तवा घाई हुती."

चुलीजवळची फरशी ओली होते आणि आम्ही लाँचमध्ये आहोत. चारी बाजूंना पाणी, इंजिन बंद. बाकड्यांवर माणसं बसलीत, एकीच्या मांडीवर तापाने फणफणलेलं पोर. सर्जेराव हँडल मारतो. हँडल हलत नाही.

"सिलिंडरनं पिस्टन आवळून धरलाय," हे म्हणतात.

"मग आता हो?"

"आता कशाचं? अजून बसवलायस कुठं तू?"

"तुम्हीच बसवा. मला भ्या वाटतं."

"मला आता पानासुद्धा उचलत न्हाई. तूच हात लावून बघ."

"अक्का!" सर्जेराव दारातून हाक मारतो. "बसवायचा का पिस्टन? तिकडं माणसं खोळंबलीती."

"खोळंबू दे. उद्या ये."

मी बाजेवरून उठून बाकावरच्या ब्लॉकला हात लावते. गार झालाय. गेज आत सोडते, तर काटा मघाच्या खुणेपर्यंत पोचत नाही. पुन्हा घासावं लागणार.

बॅटरी मारून आत बघते. पुसून लख्ख केलेल्या सिलिंडरच्या भिंतीवर तेलकट अंगठ्याचा ठसा उमटलाय. मी माझा अंगठा त्यावर ठेवते. ठसा चहूबाजूंनी उरतो, यांच्या रुंद अंगठ्याएवढा.

घासला की तो जाणार.

"अक्का, रडतीस का गं?" सर्जेराव अजून दारातच आहे.

"व्हय," मी म्हणते, आणि घासायचे दगड आत उतरवते.