सईच्या दाताचा उरलेला तुकडा

“म्हणजे कड घासली की निघायचं ना, डॉक्टर?” सईचे बाबा खुर्चीवरून उठतच म्हणाले. केंद्र सरकारी ऑफिसर. फाइल क्लोज करायची घाई त्यांच्या अंगातच होती.

“बिल्कुल. काळजीचं काही नाही,” मी म्हणाले. इथेच मी चुकले.

सई साडेचार वर्षांची. दिल्लीत, मयूर विहारच्या त्यांच्या सोसायटीत घसरगुंडीवरून तोंडावर पडली होती. वरचा पुढचा दुधाचा दात तुटला होता. खालचा ओठ फुटून सुजला होता. दात हलत नव्हता, आतली नस उघडी पडली नव्हती. अशा वेळी दाताची धारदार कड गुळगुळीत केली की पुरतं. मी मशीन हातात घेतलं.

“रुको, मावशी!” सईनं एक हात तोंडावर धरला आणि दुसरी मूठ उघडली. आत तांदळाच्या कणीएवढा तुकडा. “हा आधा आहे. बाकीचा कुठेय?”

“पार्कात पडला असेल गं,” बाबा म्हणाले.

“नाही ना! आम्ही सगळं ढूंढलं.”

आई ओशाळून हसली. “हिच्या दादाचा दात पडला तेव्हा तो छपरावर फेकला होता. आता हिलाही तुटलेला दात अख्खा फेकायचाय. तासभर माती चाळली हो आम्ही.”

सईनं आरसा मागितला आणि तुकडा दाताला लावून दाखवला. “देखो, जागा उरते.”

खरंच उरत होती. आणि माझी ट्यूब पेटली. हरवलेला तुकडा पोटात गेला तर सहसा निघून जातो. श्वासनळीत गेला तर धोका. पण सईला खोकला नव्हता, श्वास साफ होता. राहिला तो सुजलेला ओठ.

ओठाच्या आत फिल्म ठेवून छोटा एक्स-रे काढला. ओठात पांढरा ठिपका स्पष्ट दिसला. तो तसाच राहिला असता तर जखम वरून भरली असती आणि आत पू झाला असता. पंचवीस वर्षांची प्रॅक्टिस, आणि तुकड्याची चौकशी पेशंटनं करावी!

ओठ बधिर करून तुकडा काढला, एक टाका घातला. पोरीनं आईचा हात घट्ट धरला, रडली, पण तोंड मिटलं नाही. मला तिचं फार कौतुक वाटलं. मग मी दाताची कड घासली आणि आईला सांगितलं, दात काळा पडला किंवा हिरडीवर फोड आला तर लगेच या.

सईनं धुतलेले दोन्ही तुकडे जोडून पाहिले. “अब पूरा.”

त्यांच्या सोसायटीत उतरतं छप्पर एकच, गार्डच्या केबिनचं. दोन्ही तुकडे तिथे गेले, असं टाका दाखवायला आली तेव्हा तिनंच सांगितलं.

आता दात तुटलेलं मूल आलं की माझा पहिला प्रश्न असतो, “तुकडा कुठे आहे?” आणि तो मी आधी मुलालाच विचारते. मोठ्यांना घरी जायची घाई असते.