आधीच मागितलेलं सर्टिफिकेट

“मॅडम, आज होईन का उद्यावर जाईन?”

मी अजून दारात चपला काढत होते. विचारणारा विलास, पेशंटचा मुलगा, शाळेत मास्तर. काय होईल ते त्याने सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. शेतात सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, सुरू होती आणि इकडे पाहुणे येऊन बसले होते. त्यांना थांबवायचं की परत पाठवायचं, एवढाच त्याचा प्रश्न होता. मला बोलावलं होतं डेथ सर्टिफिकेटसाठी. पेशंट जिवंत असताना.

मी देऊळघाटला जनरल प्रॅक्टिस करते. लोकांनी माझ्याकडे नाही नाही ते मागितलेलं आहे, पण हे ॲडव्हान्स बुकिंग पहिलंच.

समोरच्या खोलीत विलासच्या आईला, अनसूयाबाईंना, खाली घेतलं होतं. माणूस जायला टेकला की आमच्याकडे त्याला बाजेवरून उतरवून जमिनीवर निजवतात. बाजेवर जीव जाऊ नये असं मानतात. चकचकीत टाइल्सवर गोमूत्र शिंपडून घोंगडी अंथरली होती. उशाशी बाईंचे दीर बसले होते. त्यांना सगळं गाव काकाजी म्हणतं. ते चमच्याने बाईंच्या तोंडात पाणी सोडत होते.

बेशुद्ध माणसाला पाणी पाजायचं नसतं. ते फुप्फुसात उतरतं. मी चमचा काढून घेतला आणि तिथूनच भांडणाला सुरुवात झाली.

“मॅडम, शेवटचं पानी हाये ते.”

“शेवटचं कोणी ठरवलं?”

“मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं. घरी न्या, सेवा करा म्हणला.”

बाईंना लकवा झाला होता, उजवी बाजू गेली होती. ‘घरी न्या, सेवा करा’ हे आम्ही डॉक्टर लोक फार सहज बोलून जातो. त्या डॉक्टरांना व्यायाम, मालिश आणि वेळेवर जेवण म्हणायचं असेल. घरच्यांनी त्याचा अर्थ घेतला, आता सगळं संपलं. तेव्हापासून येणारा जाणारा बाईंच्या अंथरुणाशी उभा राहून “सुटली पाहिजे बिचारी” म्हणत होता. बाईंचे कान शाबूत होते. शुद्ध होती तोवर त्या सगळं ऐकत होत्या.

मी कपाळावर हात ठेवला. घामाने चिंब. पदर, उशी, सगळं ओलं.

“मरनाचा घाम हाये तो,” काकाजी म्हणाले.

मला तो घाम वेगळाच वाटला. “बाईंना शुगर आहे ना? गोळ्या सुरू आहेत?”

“हाव,” सून रेखा म्हणाली. “एकबी चुकू देली नाई मी. आज सकाळीबी कुटून चमच्यात देली.”

“आणि खाल्लं काय?”

“खातच नाईत ना त्या. कालपासून काहीच नाई. काकाजी म्हनले, नका घालू आता, जीव अडकते.”

म्हणजे पोटात अन्न नाही आणि साखर उतरवणारी गोळी मात्र वेळच्या वेळी. बोट टोचलं. मशीनवर आकडा आला सव्वीस. सत्तरच्या खाली गेला की आम्ही धावपळ करतो, कारण मेंदू साखरेवर चालतो. साखर संपली की माणूस घामाघूम होतो, बरळतो, मग बेशुद्ध पडतो. लवकर दिली नाही तर खरंच मरतो.

मी बॅगेतून ग्लुकोजची इंजेक्शनं काढली. काकाजींनी माझा हात धरला.

“आता सुया टोचू नका. सुखानं जाऊ द्या त्याईले.”

माझं डोकं फिरलं. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटला घरी न्या, मशीनला बांधून ठेवू नका, असं मी स्वतः सांगत आले आहे. मरण आलं असेल तर त्याच्याशी कुस्ती खेळू नये. पण इथे मरण आलेलं नव्हतं, त्याला निरोप धाडून बोलावलं जात होतं. एका बाईचा हात चालत नाही म्हणून तिचा जीव स्वस्त झाला होता आणि त्याला सगळे ‘सुख’ म्हणत होते.

“ठीक आहे,” मी विलासला म्हटलं, “सर्टिफिकेट देते. कारण लिहिते, उपाशी ठेवून शुगरची गोळी दिल्याने मृत्यू. चालेल?”

विलासचा चेहरा उतरला. तो काकाजींकडे वळून म्हणाला, “काका, हात सोडा मॅडमचा.”

शीर सापडेना. मी घोंगडीवर मांडी घालून बसले, तेव्हा कुठे मनगटाजवळ एक मिळाली. ग्लुकोज हळूहळू आत सोडलं. दुसरं इंजेक्शन संपत आलं तशा पापण्या हलल्या. मग बाईंनी डोळे उघडले, छताकडे पाहिलं, भोवतीच्या पाहुण्यांकडे पाहिलं. जीभ जड होती, पण शब्द कळले.

“मले खाली काऊन निजवलं?”

रेखा तोंडाला पदर लावून रडायला लागली. मला तिची कीव आली. घरात बाईंचं सगळं तीच करत होती आणि गोळ्यांचं तिला कोणी नीट समजावलंच नव्हतं.

काम संपलं नव्हतं. या गोळीचा असर बराच वेळ राहतो, साखर पुन्हा उतरते. म्हणून बुलढाण्याला भरती करणं भाग होतं. तर काकाजी म्हणाले, एकदा खाली घेतलेलं माणूस पुन्हा उचलत नाईत, घराले बरं नसते. बाई शुद्धीवर येऊन समोर पडलेल्या, आणि यांना घराचं पडलेलं.

“मग मी उचलते,” मी म्हटलं आणि खरंच वाकले. विलासने मला बाजूला केलं आणि आईला दोन्ही हातांवर घेऊन गाडीत नेलं.

बाई दवाखान्यातून घरी आल्या. उजवी बाजू लुळीच आहे. पण जेवतात, सुनेला चार गोष्टी सुनावतात. पुढे मी बीपी बघायला गेले, तर काकाजी तिथेच होते.

“वाचवलं तुमी, मॅडम, पन त्याईचे हालच हायेत ना.”

बाई बाजेवरून म्हणाल्या, “माह्ये हाल तुमी काऊन सांगता? मले कोनी इचारलं का?”

आता कोणी पेशंटला खाली घेतलंय म्हणून बोलावलं, की मी दारातच विचारते, शेवटचं जेवण कधी झालं. बऱ्याच घरांत याचं उत्तर कोणालाच माहीत नसतं.