उत्तरेश्वर सरांनी तपासलेला भाऊ

तलवाड्याचा उत्तरेश्वर गेवराईत कॉम्प्युटर क्लास चालवायचा. दोन हजार तीन साल असेल. जो तो कॉम्प्युटरच्या मागं लागलेला, आणि ज्याला माऊस धरता येई तो सर म्हणून मिरवायचा. उत्तरेश्वर तसला नव्हता. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीतून पायथन नावाची भाषा तो स्वतःच शिकला आणि पोरांनाही जीव तोडून शिकवायचा. "बाबांनो, एक बरोबरचं चिन्ह म्हणजे सांगणं, हे आसं हाय. दोन बरोबर म्हणजे इचारणं, हे आसं हाय का? सांगितलं की मशीन गप ऐकतं. इचारलं तर ट्रू न्हाईतर फॉल्स म्हणतं." तरी पोरं एकच बरोबर लिहीत. मग सरांचं डोकं फिरे. "आधी इचार की बे! सांगत कावून सुटलास?"

पोरांना बोलणं सोपं असतं हो. तीच चूक त्याच्या घरात झाली.

त्याचा थोरला भाऊ अजिनाथ ऊसतोडीला कर्नाटकात गेला, तो आलाच नाही. त्याची बायको तुळजाबाई त्या साली आजारी म्हणून मागं राहिली होती. वर्षं गेली. मग एका साली पोळा झाल्यावर, भर दुपारी, खांद्यावर बोचकं घेतलेला एक माणूस दारात उभा राहिला. आई, चंद्रभागाबाई, धावत गेली, भाकरतुकडा ओवाळून लांब फेकला आणि त्याला हाताला धरून आत घेतलं. आमच्याकडची रीतच आहे ती. एकदा ओवाळलं की माणूस घरचा झाला, मग उंबऱ्यावर त्याला कोण कुठला म्हणून कुणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी तुळजाबाई चुलीपाशी हळूच म्हणाली, "भावजी, ह्ये त्ये न्हाईत."

"कशावरून, वहिनी?"

"पाणी पितात, पर घोट उतरल्याचा आवाज येत न्हाई. मला लई भ्या वाटतंय." ती पीठ मळतच बोलत होती. "मुकादमानं आमचा कोयता लिहून घेतलाय." कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; ऊसतोडीला दोघांना मिळून एकच मोजतात. "दिवाळीनंतर ट्रक येईल. तुमी शिकलेले हाव, नीट तपासून सांगा. तुमी नको म्हणलाव तर मी माहेरी पळून जाईन, पर ट्रकात चढणार न्हाई."

उत्तरेश्वर लगेच कामाला लागला. दारावर अजिनाथच्या उंचीची खूण होती, तेवढाच भरला. ट्रू. गुडघ्यावर विळ्याचा वण. ट्रू. मेलेल्या बैलाचं नाव विचारलं, तर त्याच्या शिंगाला कोणता रंग लावायचे तेही त्यानं सांगितलं. हे सगळं त्यानं मनात अँड लावून जोडलं होतं. अँडमध्ये एक जरी खोटं निघालं तरी सगळं खोटं, हा त्याचा भरवसा. पण एकही खोटं निघेना. उलट जितकं जुळत गेलं तितका त्याला घाम फुटू लागला. कारण सख्ख्या भावाचंसुद्धा इतकं जुळत नाही. माणूस आहे, काहीतरी विसरतोच की!

मग त्याला क्लासातली गोष्ट आठवली. प्रोग्रॅम नीट आहे का बघायला तो पोरांना मुद्दाम खोटं विचारायला लावी. पाच सातापेक्षा मोठा आहे का? इथं फॉल्स आलंच पाहिजे. कशालाही ट्रू म्हणणाऱ्यावर विश्वास कसला ठेवायचा?

ट्रक येऊन वेशीत उभा होता त्या सकाळी त्यानं अंगणात विचारलं, "दादा, मी ल्हानपणी गोदावरीच्या डोहात बुडत होतो, तू काढलंस. आठवतं का?"

असलं काही घडलंच नव्हतं. उत्तरेश्वर जन्मात नदीत उतरला नव्हता.

"तर!" अजिनाथ हसला. "माज्या मनगटाला चावला व्हतास की." त्यानं बाही वर केली. मनगटावर दातांचे वण होते, लहान लेकराच्या दातांचे.

तरीही उत्तरेश्वरला आनंदच झाला, सापडला चोर! तो आईकडं वळला. "आई, ऐकलंस का? मी कवा बुडालो होतो गं?"

आई ज्वारी पाखडत होती. तिनं मानही वर केली नाही. "आसं काय करतूस? पालथा घालून पाणी काढलंतं तुझं. मी तर आशाच सोडली व्हती."

आणि उत्तरेश्वरच्या नाकात गाळाचं पाणी गेलं. छाती कोंडली, कानात पाणी घुमलं, आणि एका हातानं त्याचे केस धरून त्याला वर ओढलं. त्याला आठवलं. सगळं आठवलं.

तुळजाबाई बोचकं धरून दारात उभी होती. "भावजी, काय ते सांगा."

नको म्हण, लेका, नको म्हण! पण सगळं आठवत असताना नको म्हणायला जीभ उचलेना. "खरं हाय, वहिनी," तो म्हणाला. "दादाच हाय. जा तुमी."

ती गेली. ट्रक वळेपर्यंत त्याच्याकडं बघत होती.

चैत्रात अजिनाथ एकटाच चालत आला. उत्तरेश्वर पळत समोर गेला. "वहिनी कुठं हाय?"

अजिनाथनं पायतण काढलं आणि तो आत गेला. आईच बाहेर आली. "कुणाची वहिनी रं? तुज्या दादाचं लगीन कुठं झालंय आजून?"

वलणीवर तिचं एकही लुगडं नव्हतं. चुलीपाशी तिच्या बांगड्यांची डबी नव्हती. उत्तरेश्वर मटकन खाली बसला आणि लेकरासारखा रडला. मी नको म्हणलो असतो तर ती माहेरी असती, एवढंच तो परत परत म्हणत होता. आई पदरानं त्याचे डोळे पुसत होती आणि मायेनं विचारत होती, "कोण रं बाळा? कोण असती?"