टॉवेलात बांधलेला कॅन

सकाळी प्रयोगशाळेच्या खिडकीशी एका बाईंनी स्वच्छ टॉवेलात बांधलेला कॅन ठेवला. गाठ इतकी नेटकी, की वाटावं, कुणाचा तरी घरून डबा आलाय. आत त्यांची दिवसभराची लघवी होती. मूत्रपिंडं कॅल्शियम किती बाहेर टाकतात, ते आम्ही मोजतो. ते तळाशी बसून राहू नये म्हणून रिकाम्या कॅनमध्ये आधीच थोडं आम्ल घालून देतो.

"आत जे घालून दिलं होतं, ते टाकलं नाही ना?" गाठ सोडत मी विचारलं.

"टाकलं की. उग्र वास येत होता. साबणाने धुऊन घेतला," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्याकडे घाणेरडा कॅन कसा आणायचा?"

"अहो, मग ही लघवी काय कामाची?" माझा आवाज चढला. बाकावरची माणसं वळून बघायला लागली. बाईंनी टॉवेल पुन्हा कॅनवर ओढून घेतला.

आम्ही सगळ्यांना सांगतो, आमच्यासाठी हे नुसतं क्षारांचं पाणी, त्यात लाजायचं काय. पण मूत्रपिंड हे काम जन्मभर आतल्या आत, कुणाला कळू न देता करत असतं. मोजायला हवं म्हणून आम्हीच ते उजेडात आणायला लावतो. आणणाऱ्याने त्यावर एक टॉवेल घातला होता. मी चारचौघांत तोही काढून घेतला.

नवा कॅन आणून मी तो गुंडाळायला टॉवेलकडे हात नेला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "माझं मी बांधते."