वरच्या मजल्यावरचं पाणी

कोपरखैरण्याच्या आमच्या घरात बाथरूमचं छत ठिबकायला लागलं तेव्हा मला वाटलं, आठवड्याभरात होईल. वरच्यांना सांगायचं, प्लंबर बोलवायचा, संपलं. प्रत्यक्षात अडीच महिने लागले, आणि त्या अडीच महिन्यांत आमच्या घरात जेवढं मराठी लिहिलं गेलं तेवढं माझ्या लग्नापासून लिहिलं गेलं नसेल.

लिहिणारे माझे सासरे. वय अठ्ठ्याहत्तर. सगळं आयुष्य सरकारी कचेरीत गेलेलं, त्यामुळे लेखी दिल्याशिवाय एखादी गोष्ट घडली असं त्यांना वाटतच नाही. दोन वर्षांपूर्वी हात थरथरायला लागले आणि लिहिणं सुटलं. तेव्हा माझ्या मुलीनं, ती एकोणीस वर्षांची, त्यांच्या फोनवर एआयचं अ‍ॅप टाकून दिलं. “आजोबा, तुम्ही नुसतं बोला. ते लिहून देईल.”

झालं. वरच्या फ्लॅटचा मालक पुण्याला नोकरीला. सोसायटीच्या सेक्रेटरीकडून त्याचा नंबर मिळाला आणि पत्रं सुरू झाली. सासरे फोनसमोर बसून सांगायचे, “तुमचं पाणी आमच्या डोक्यावर पडतंय, बघा काय ते.” त्याचं व्हायचं, “आपल्या निवासस्थानातील स्नानगृहातून होणाऱ्या जलगळतीमुळे आम्हांस सोसाव्या लागणाऱ्या असुविधेकडे आपले लक्ष वेधू इच्छितो.” सासरे खूश. म्हणायचे, “आमच्या साहेबांनाही असं जमत नव्हतं.”

दोन मिनिटांत पुण्याहून उत्तर यायचं. “आपल्या भावनांचा आम्ही मनःपूर्वक आदर करतो. योग्य ती कार्यवाही करण्यास आम्ही कटिबद्ध आहोत.”

“बाबा, पाणी गळतंय. भावना नाही गळत,” मी म्हणायचे.

मुलगी उत्तर बघून हसायची. “मम्मी, हे पण एआयनंच लिहिलंय. कळतं लगेच.” मग ती आजोबांच्या शेजारी बसून पुढचं पत्र ‘स्ट्राँग’ करून द्यायची. स्मरणपत्र एक, स्मरणपत्र दोन. छताखाली टब ठेवलेला, तो दिवसातून दोनदा मी ओतायचे.

“अगं, वर कोणी असलं तर तू जाऊन सांगून ये ना,” मी मुलीला म्हटलं.

“मी? मी काय बोलू त्यांच्याशी? मेसेज केलाय ना.”

सासऱ्यांचे गुडघे दुखतात, आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. नवरा शिफ्टवरून आला की झोपतो. मी आठला तुर्भ्याच्या ऑफिसला निघते, सातला घरात शिरते. मीही काही सोवळी नाही. ऑफिसातली इंग्रजी मेल मीसुद्धा एआयकडूनच नीट करून घेते. पण शेजाऱ्याशी बोलायला?

एका शनिवारी मी आंघोळ करत असताना छताचं हातभर प्लास्टर सुटलं आणि माझ्या बादलीत पडलं. एक वीत इकडे पडलं असतं तर डोकं फुटलं असतं. मी कसाबसा गाऊन चढवला आणि ओल्या केसांनीच जिना चढले. त्या पुणेवाल्याला तिथून फोन लावून काय काय ऐकवायचं ते चढता चढता ठरवत होते. घर बंदच असणार असं मी धरून चाललेले. तरी बेल दाबली.

दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. ऐंशीच्या पुढच्या. नऊवारी, कपाळावर गोंदण. त्या त्याची आई. चार महिन्यांपासून तिथे एकट्याच राहत होत्या आणि आम्हाला पत्ता नव्हता.

“कोन गं तू?”

“खालची. मावशी, तुमच्या बाथरूमचं पाणी आमच्याकडे गळतंय.”

“आज?”

“अडीच महिने झाले.”

“आन् मला कुनी सांगितलं न्हाई?”

“तुमच्या मुलाला पत्रं पाठवतोय. बाबा रोज लिहितात.”

“त्यो म्हनला, खालच्यांचं कायतरी हुतं, मिटवलं.” त्यांनी माझा हात धरला. “पोरी, म्हंजी मी इतके दिस तुमच्या डोक्यावर आंगुळ करत हुते व्हय?”

आता मी कोणावर ओरडणार होते? सगळा राग तसाच राहिला. त्यांनी मला आत बसवलं, टॉवेल दिला, केस पुसायला लावले. दूधवाल्याशिवाय कोणी बेल वाजवत नाही, असं सहज बोलून गेल्या. तक्रार म्हणून नाही.

सोमवारी प्लंबर आला. पाणी जाण्याच्या जाळीखालचा, नहाणी ट्रॅपचा जोड फुटलेला. अर्ध्या दिवसात काम झालं. संध्याकाळी मावशींच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. पत्रातला तो कटिबद्ध माणूस अडखळत बोलत होता. “सॉरी ताई. मला वाटलं, तुमच्या सासऱ्यांचा वेळ जात नाही म्हणून ते लिहितात. मी नीट वाचलंच नाही. पत्र कॉपी करून एआयमध्ये टाकायचो, जे उत्तर येईल ते पाठवायचो.”

म्हणजे ते लिहीत होतं, तेच वाचत होतं, आणि मी टब ओतत होते.

सासरे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पुढचं स्मरणपत्र तयार होतं म्हणे, मी मध्येच प्रकरण बंद केलं. मुलगी म्हणाली, “पण पत्रं छान होती हां.” मी रिकामा टब उचलून गॅलरीत ठेवला.

हल्ली मावशी दुपारी जिना उतरून खाली येतात. त्यांच्या पासबुकात नाव चुकलंय, त्याचा अर्ज करायचा आहे. त्या सांगतात, सासरे फोनला सांगतात, फोन वाचून दाखवतो.

“मी आसं कुटं बोलले?” मावशी म्हणतात. “माझं नाव चुकलंय, नीट करा. येवढंच लिवा.”

सासरे मान हलवतात आणि पुन्हा पहिल्यापासून बोलायला लागतात. मी ऑफिसातून येते तेव्हाही दोघं त्याच अर्जावर असतात, शेजारी मुलगी ‘ऑप्शन्स’ देत असते, आणि चहा मलाच टाकावा लागतो.