खरवडलेलं पिंप

वापरून झालेली वस्तू आई सहसा टाकत नसे. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये होते. तिथल्या झिजलेल्या करवतीच्या पात्याची तिने भाजी चिरायला सुरी करून घेतली होती. म्हणूनच डोंबिवलीत पाण्याची बोंब झाली आणि आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी जुनी निळी पिंपं आणली, तेव्हा पहिलं पिंप तिनेच घेतलं.

सोड्याने घासलं, गच्चीत उन्हात ठेवलं, तरी त्याचा व्हार्निशसारखा वास जाईना. पिण्याचं पाणी तिने त्यात भरलंच नाही. पण आंघोळीच्या पाण्यानेच धाकट्या बहिणीच्या अंगावर लाल चट्टे उठले. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कशात साठवता?"

घरी येऊन आईने पाणी बादलीत काढलं आणि पिंप आडवं केलं. पोटावरचं लेबल कुणीतरी आधीच पात्याने खरवडून काढलेलं होतं.

"ज्याने हे खरवडलं," ती म्हणाली, "त्याला ते वाचता येत होतं."

त्याच पाण्याचा तांब्या भरून ती सेक्रेटरींच्या दारात गेली. मी मागोमाग.

"यात आधी काय होतं?"

"अहो वहिनी, केमिकल कंपनीतली आहेत. अख्खी डोंबिवली यातच पाणी भरते. धुतलं की झालं!"

"मग घ्या, याचा चहा टाका."

ते हसले. तांब्याला मात्र हात लावला नाही. त्यांच्या मोरीत सिमेंटची टाकी होती, हे मला दारातूनच दिसत होतं.

बाबांनी वर्कशॉपमधून ड्रिल आणलं आणि पिंपाच्या बुडाला भोकं पाडली. शेजारच्या काकू हळहळल्या, "एवढं चांगलं पिंप! भंगारवाल्याला तरी द्यायचं."

"म्हणजे ते शीळफाट्याच्या कुठल्या तरी झोपडीत जाणार. तिथल्या पोरांची कातडी काय वेगळी असते?"

काकूंनी गुपचूप आपलंही पिंप आणून दिलं. बाकीच्यांनी दारं लावून घेतली. काहींच्या घरी ती पिंपं पुढे कित्येक वर्षं होती.

भोकं पाडलेली दोन्ही पिंपं आईने कचऱ्यासाठी गेटपाशी ठेवली. वार्षिक सभेत सेक्रेटरी अभिमानाने म्हणाले, "कचऱ्याची सोयसुद्धा आपण जुन्या पिंपांतून केली." टाळ्या पडल्या.

आई उभी राहिली. "भोकं का पाडावी लागली, तेही सांगा ना."

सेक्रेटरींनी चष्मा पुसला आणि पार्किंगचा विषय काढला. आई मात्र सभा संपेपर्यंत खाली बसली नाही.