समजला व मान्य आहे

मला एका जागी बसवत नाही. शाळेत बाई म्हणायच्या, हिला बाकाला बांधून ठेवा. आई अजूनही म्हणते, बसल्या बसल्या पाय हलवू नकोस. आणि एवढं असून मी काम निवडलं ते दिवसभर खुर्चीत बसून कागद टाइप करायचं. भिवंडीच्या कोर्टाजवळ एका वकिलांचं ऑफिस आहे, तिथे मी बरीच वर्षं आहे. प्रतिज्ञापत्रं, नोटिसा, भाडेकरार, वाटणीपत्रं, जे येईल ते.

आमच्या घरात शिकायला नाही म्हणायची सोय नव्हती. वडील राहनाळच्या एका गोदामात वॉचमन होते. शिफ्ट संपवून आले की चपला काढायच्या आधी विचारायचे, आज काय शिकलीस? काही शिकले नसेन तर मी थापा मारायचे, आणि त्यांना ते कळायचं. बी.ए. झाल्यावर मी ऑफिसात लागले, आणि चार वर्षांनी पॅरालीगलचा, म्हणजे वकिलाच्या मदतनिसाचा, डिप्लोमा केला. दर रविवारी ठाण्याला वर्ग. चाळीत मी हे सांगितलं तेव्हा शेजारच्या काकू घाबरून म्हणाल्या, “अगं बाई, पॅरालिसिस? कुणाला झाला?” मी पास झाले तरी त्यांच्या मनातलं ते काही गेलं नाही. अजून भेटल्या की माझ्या हातापायांकडे काळजीने बघतात.

वर्गात मी पहिल्या बाकावर बसायचे. पक्षकाराची संमती कशी घ्यावी, या प्रश्नाला मी अडीच पानं उत्तर लिहिलं होतं. संमती समजून दिलेली असावी, ती त्याच्या भाषेत समजावून सांगावी, वगैरे वगैरे. सरांनी ते उत्तर वर्गात वाचून दाखवलं. मी घरी येताना रिक्षावाल्यालाही सांगितलं असतं, इतकी खूश होते.

ऑफिसात माझ्या आधीपासून एक मुन्शीजी आहेत. वकिलांचे कारकून. त्यांचे वडील यंत्रमागावर काम करायला उत्तरेतून इथे आले, आणि मुन्शीजी सातवीत शाळा सोडून आधी लूमवर आणि मग कोर्टात आले. कुठल्या खिडकीवर कुठला साहेब जेवायला कधी उठतो हे त्यांना पाठ. माझं सर्टिफिकेट आलं तेव्हा त्यांनी ते दोन्ही हातांत धरून नीट पाहिलं आणि म्हणाले, “बहुत बढिया, मॅडम.” तोपर्यंत मी बिटिया होते. त्या दिवसापासून मॅडम झाले.

मुन्शीजींची एक सवय मला फार छळायची. प्रत्येक कागदाच्या शेवटी एक ओळ असते: ‘वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो समजला व मान्य आहे.’ ही ओळ मुन्शीजी टाइप करू द्यायचे नाहीत. तेवढी जागा मोकळी सोडायची. मग ते पक्षकाराला समोर बसवायचे, कागद वाचायचे आणि म्हणायचे, “अब उलटा सुनाओ. इसमें क्या लिखा है, तुम बताओ.” माणूस अडखळायचा. मुन्शीजी पुन्हा वाचायचे. तो पुन्हा सांगायचा. त्याचं सांगणं पटलं की मगच पेनने ती ओळ शेवटी लिहायचे. एका लूमवाल्या भाडेकरूला त्यांनी असं तासभर बसवलं होतं. मी टेबलाखाली पाय हलवत घड्याळ बघत होते.

डिप्लोमा झाल्यावर मी सुधारणा केली. सगळ्या कागदांचे नमुने कॉम्प्युटरवर नीट लावले आणि ती ओळ प्रत्येक नमुन्यात घालून टाकली. नावं भरली की कागद शेवटच्या ओळीसकट बाहेर. वकीलसाहेब म्हणाले, याला म्हणतात शिकलेलं माणूस. मुन्शीजी पेन खिशाला लावून कोर्टात निघून गेले.

एक मावशी आली, त्या दिवशी मुन्शीजी रजेवर होते. बायकोला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. मावशी साठी ओलांडलेली, माहेर खारबावच्या बाजूला. सोबत तिचे दोन भाऊ. वडील वारलेले, रस्त्याला लागून शेत होतं आणि तिथे गोदाम बांधायचं ठरलं होतं. भावांना हक्कसोडपत्र हवं होतं. म्हणजे बहिणीने आपला हिस्सा भावांच्या नावे सोडून दिला, असा कागद. असे कागद आमच्याकडे आठवड्याला दोन तरी होतात. बऱ्याच बहिणी खुशीने देतात, काही रडून देतात, तो त्यांचा प्रश्न. थोरला भाऊ म्हणाला, “ताई, लवकर करा. आमाला दापोड्याला जायाचा हाय.” दुसऱ्या दिवशी सकाळी रजिस्ट्री ठरली होती, सह्या तिथेच व्हायच्या होत्या.

मी नमुना उघडला. नावं भरली. वीस मिनिटांत कागद तयार. मावशी खुर्चीच्या टोकावर बसली होती, पिशवी मांडीवर घट्ट धरून. मी नियमाप्रमाणे विचारलं, “मावशी, तुमची काही हरकत?”

ती म्हणाली, “माझा काय न्हाय.”

झालं. हरकत नाही. मी प्रिंट काढली. ती उठून माझ्या टेबलाशी आली, कागदावर वाकली आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “हा माझा नाव न्हं?” गावात कधीतरी साक्षरतेचा वर्ग चालला होता, तिथे ती स्वतःचं नाव लिहायला शिकली होती. तेवढंच. मी कौतुकाने म्हणाले, “हो, तुमचंच आहे.” ती हसली. “लागला एकदाचा,” असं काहीतरी म्हणाली. भाऊ दारात गाडीची किल्ली फिरवत होता. गेले सगळे.

संध्याकाळी घरी काही सुचेना. चहा गॅसवर ठेवला तो उतू गेला. काहीतरी राहिलंय असं वाटत होतं. स्टॅम्प बरोबर होता, गट नंबर बरोबर होता, नावांत काना-मात्रेची चूक नव्हती. मोबाइलवर काढून ठेवलेला कागदाचा फोटो तीनदा तपासला. आई म्हणाली, “काय झालंय? घरात नुसती फिरतेयस.” मी उगाच तिच्यावर ओरडले. कागदात काही चूक नव्हती, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

सकाळी ऑफिस उघडलं तर मुन्शीजी आधीच पायरीवर बसलेले. मी सांगितलं, काल एक हक्कसोड केला, आज अकराला रजिस्ट्री आहे. त्यांनी सवयीने विचारलं, “उलटा सुना था?”

“वेळ नव्हता. पण मी विचारलं ना, हरकत आहे का म्हणून.”

“क्या बोली?”

“माझा काय न्हाय.”

मुन्शीजी पायरीवरून उठले. मग म्हणाले, “किस बात का न्हाय, मॅडम?”

मी तिथेच उभी राहिले. माझ्या आजीचं माहेर त्याच पट्ट्यातलं. लहानपणी मी हजार वेळा हे वाक्य ऐकलेलं. आजी तिच्या माहेरच्या शेतावरून जाताना म्हणायची, यात माझा काय न्हाय. म्हणजे यातलं माझं काहीच नाही. मावशी मला हरकत नाही असं सांगत नव्हती. तिचं त्या जमिनीत काही नाही, नाव नाही, असं ती सांगत होती. आणि मग माझ्या कागदावर तिने स्वतःचं नाव पाहिलं आणि ती हसली. लागला एकदाचा. बाई नाव लावायला आली होती. उत्तरेतून आलेल्या घरच्या माणसाला जे ऐकू आलं ते मला, इथल्या मुलीला, डिप्लोमावालीला, ऐकू आलं नव्हतं.

मी फाइल ओढली. आत सातबाऱ्याचा उतारा होता, जमीन कोणाच्या नावावर आहे ते सांगणारा. वडील गेल्यावर वारसांची नोंद झाली होती आणि त्यात दोन भावांच्या खाली तिसरं नाव मावशीचं होतं. म्हणजे नाव लागलेलं होतंच. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि माझा कागद ते काढून टाकणार होता.

वकीलसाहेबांना फोन लावला, ते दुसऱ्या कोर्टात युक्तिवादात, फोन बंद. आमचे पक्षकार भाऊ होते, मावशी नव्हे. वर्गात सरांनी शंभरदा सांगितलेलं, पॅरालीगलने सल्ला द्यायचा नाही, तो वकिलाचा प्रांत. मी मुन्शीजींकडे पाहिलं. म्हटलं, मी काय करू? ते म्हणाले, “सलाह मत दो. पढ़ के सुनाओ. तुमने लिखा है ना, कि पढ़ के सुनाया?”

लिहिलं होतं. मीच लिहिलं होतं, आणि ते खोटं होतं.

फाइल आणि कागदाची प्रत घेऊन मी चालत नाही गेले, धावले. रजिस्ट्रीच्या बाहेर माणसं, एजंट, झेरॉक्सवाले, एका कोपऱ्यात दोघे भाऊ साक्षीदारांशी बोलत उभे. मावशी आत बाकावर बसली होती, नवं लुगडं नेसून. केसांत अबोलीचा गजरा होता. ती कार्याला आल्यासारखी आली होती.

टोकनला अजून सहा नंबर होते. मी तिच्याशेजारी बसले आणि म्हणाले, “मावशी, काल हा कागद वाचायचा राहिला. आता वाचते.” आणि वाचला. ती मान डोलावत ऐकत होती. ‘हक्क, हितसंबंध’ आणि ‘कायमस्वरूपी सोडून देत आहे’ या शब्दांवरही तिची मान डोलत होती. मी थांबले. म्हणाले, “आता तुम्ही मला सांगा, यात काय लिहिलंय?”

“माझा नाव लावाचा हाय. बाबांचे जमिनीत.”

मी पुन्हा वाचला, या वेळी आजीच्या बोलीत. सगळे शब्द आले नाहीत, आले तेवढे वापरले. मग सातबारा काढून तिच्यासमोर धरला. काही सांगितलं नाही. तिने बोट फिरवलं. पहिल्या नावावरून, दुसऱ्या नावावरून, आणि तिसऱ्यावर ते थांबलं.

“हा तं आधीच हाय,” ती म्हणाली.

“हो.”

“आनि ह्यो कागद?”

मी मान खाली घातली नाही, एवढंच मी स्वतःबद्दल बरं सांगू शकते. म्हणाले, “ह्यो कागद तो काढाचा हाय.”

मागून धाकटा भाऊ आला होता. “ताई, तुमाला कोनी सांगितला मधी पडाला? पैशे आमी दिलेत.” त्याचा आवाज चढला, लोक बघायला लागले. मी उभी राहिले. म्हणाले, “मी सल्ला देत नाही. फक्त वाचून दाखवलं. ते खाली लिहिलंय, म्हणून.” तेवढ्यात आमचा नंबर पुकारला.

खिडकीमागच्या साहेबांनी कागद पुढे घेतला, वर न बघता नेहमीचं वाक्य म्हटलं, “आजी, मजकूर समजला? मान्य आहे?” दिवसातून कितीदा तरी ते हे विचारतात आणि लोक एका दमात हो म्हणतात. थोरल्या भावाने तिच्यापुढे पेन धरलं.

मावशीने पेन घेतलं नाही. तिने पदर नीट केला.

“समजला,” ती म्हणाली. “मान्य न्हाय.”

साहेबांनी वर पाहिलं. त्या दोन शब्दांच्या मध्ये कुणी थांबू शकतं, हे मलाही तोवर माहीत नव्हतं.

पुढे जे व्हायचं ते झालं. भाऊ साक्षीदारांना घेऊन गाडीतून निघून गेले. वकीलसाहेब आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. मी सगळ्या नमुन्यांमधून ती ओळ काढली आणि आता ती हाताने लिहिते, त्यामुळे रोज उशीर होतो आणि रोज बोलणी खाते. मुन्शीजी अजून मॅडमच म्हणतात. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी मी मावशीला घेऊन रिक्षा स्टँडवर आले. सातबाऱ्याची झेरॉक्स तिने घडी करून पिशवीत ठेवली होती. मला वाटलं होतं, खरं सांगते, मला वाटलं होतं की ती माझे हात धरेल, काहीतरी आशीर्वाद देईल. रिक्षा मिळेपर्यंत ती रस्त्याकडे बघत उभी राहिली. गजरा एका बाजूने सुटला होता.

“पोरी,” ती म्हणाली, “काल हापिसात वाचला असतास, तं घरी जाऊन बोलली असती भावांशी. अर्धा दिला असता, अर्धा ठेवला असता, कायतरी झाला असता. आता चारचौघांत झाला. भाऊबीजेला मी जाऊ कुठं?”

तेवढ्यात रिक्षा आली. ती चढली, आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली.